घरचा ॲम्प आपला, स्टेजचा सगळ्यांचा

कामशेतला माझा एक मित्र राहतो. बेस गिटार वाजवतो. खरं सांगायचं तर, वाजवायचा. सेकंड इयरला असताना त्याने पवना धरणाकाठच्या एका कॅम्पवर शनिवार-रविवार तंबू ठोकले, बार्बेक्यूचे कोळसे पेटवले, पैसे साठवले आणि पुण्यातून एक भलामोठा सेकंडहँड ॲम्प उचलला. तीनशे वॉट, पंधरा इंची स्पीकर. टेम्पोतून तो घरी उतरला तेव्हा आम्ही सगळे बघायला गेलो होतो. त्याने एकच स्वर वाजवला, सगळ्यात खालचा, आणि स्वयंपाकघरातल्या मांडणीवरची भांडी वाजायला लागली. आम्ही टाळ्या पिटल्या.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या आजी आल्या. "बाळा, छातीत धडधडतंय रे माझ्या," एवढंच म्हणाल्या. भांडण नाही, तक्रार नाही. पण त्यानंतर त्या ॲम्पचा आवाज एकच्या पुढे गेला नाही. बँडच्या गिगला न्यायचा, तर टेम्पोचं भाडं मिळणाऱ्या मानधनापेक्षा जास्त. आज त्या ॲम्पवर चादर आहे आणि चादरीवर इस्त्रीचे कपडे. बेस भिंतीला टांगलेला.

या मित्राने सगळ्यांना एकच प्रश्न विचारला होता, "किती वॉटचा घेऊ?" आणि सगळ्यांनी, त्यात मीही आलो, एकच उत्तर दिलं, "घेतोयस तर मोठाच घे." प्रश्नही चुकला, उत्तरही चुकलं. विचारायला हवं होतं, की वाजवणार कुठे, आणि ऐकणार कोण?

लोणावळ्यापासून तळेगावपर्यंत आज कॉलेजं आहेत, हॉस्टेलं आहेत, कॅम्पवर गाणारी पोरं आहेत. प्रत्येक बँडला गिटारिस्ट तीन-तीन मिळतात, बेसिस्ट शोधून सापडत नाही. जो सापडतो त्याने पहिल्याच खरेदीत पैसे चुकीच्या जागी घातले, तर तोही जातो. म्हणून हा विषय फक्त 'गियर'वाल्यांचा नाही. माझं म्हणणं सरळ आहे: घरासाठी छोटा ॲम्प स्वतःचा घ्या, स्टेजचा मोठा ॲम्प एकट्याने घेऊ नका, तो बँडचा किंवा कॉलेजचा असू द्या.

आधी घराचं बघू. चार तारांच्या बेसची सगळ्यात जाड तार, म्हणजे ई, सुटी छेडली की सेकंदाला साधारण 41 कंपनं होतात. हवेत त्या लहरीची लांबी आठ मीटरच्या वर जाते. आपली खोली दहा बाय दहा फुटांची. लहर खोलीपेक्षा मोठी आहे, साधी भिंत तिला अडवत नाही. त्यामुळे खोलीच्या कोपऱ्यात गडगडाट होतो, मधोमध उभं राहिलं की स्वर गायब, आणि शेजारच्या घरात मात्र नुसती धडधड. वर पत्रा असेल तर बोलायलाच नको.

त्यात आपल्या कानांची एक खोड आहे. आवाज हळू असला की कानाला खालचे स्वर बाकीच्या स्वरांपेक्षा खूपच कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकी संशोधकांनी 1933 मध्येच हे मोजून दाखवलं. म्हणजे घरी बेस हळू वाजवला तर आपल्यालाच ऐकू येत नाही, आणि ऐकू येईल इतका वाढवला की गल्लीला ऐकू येतो. तीनशे वॉटचा ॲम्प यावर उपाय नाहीच, उलट तोच दुखणं आहे.

"पण नियमात बसतंय ना?" असं कुणी म्हणेल. ध्वनी प्रदूषणाचे 2000 सालचे नियम निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा सांगतात. रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा. मात्र हे मोजमाप 'ए' मापाने होतं, आणि त्या मापात खालच्या स्वरांचं वजन कमी धरलं जातं. 40 हर्ट्झच्या आसपास तर जवळजवळ 35 डेसिबल वजा होतात. त्यामुळे मीटर निवांत असतो आणि आजींची छाती धडधडत असते. नियमात बसलं म्हणजे शेजारधर्म पाळला असं होत नाही.

उपाय स्वस्त आहे. हेडफोन. व्हॉक्सच्या ॲम्पप्लगसारखी काडेपेटीपेक्षा थोडी मोठी डबी मिळते, ती थेट बेसमध्ये खोचायची, पेन्सिल सेलवर चालते. लॅपटॉप असेल तर ऑडिओ इंटरफेस घ्या, रेकॉर्डिंगही होतं. स्पीकरच हवा असेल तर 25 वॉटच्या आसपासचा, आठ इंची स्पीकरचा कॉम्बो बस झाला. फेंडर रंबल 25 किंवा हार्टकी एचडी25 ही त्यातली नेहमी दिसणारी नावं. नाव कुठलंही असो, दोन गोष्टी बघा: हेडफोनचं भोक आहे का, आणि फोनवरचं गाणं जोडायला ऑक्स इन आहे का. हॉस्टेलवर राहणाऱ्याला पहिली गोष्ट नसेल तर ॲम्प फुकट मिळाला तरी घेऊ नका. आणि तोवर रूममेटच्या गिटार ॲम्पमध्ये बेस लावायचा असेल तर हळू आवाजात चालेल. जोरात वाजवलात तर त्याचा स्पीकर फाटेल, मैत्रीही.

आता ड्रमर आला की गणित बदलतं. खऱ्या ड्रमसेटसमोर 25 वॉट कुठल्या कुठे वाहून जातात. तिथे शंभर वॉट आणि बारा इंची स्पीकर ही सुरुवात समजा. मात्र वॉटच्या आकड्याला भुलू नका. वॉट दुप्पट केले की आवाज फक्त तीन डेसिबलने वाढतो. कानाला 'दुप्पट' वाटायला साधारण दहापट वॉट लागतात. पन्नासच्या जागी शंभर वॉट घेतले म्हणजे दुप्पट आवाज मिळाला, हा दुकानात हमखास होणारा गैरसमज. किती वॉट यापेक्षा स्पीकर किती कार्यक्षम, पेटी कशी, आणि चार ओहमवर वॉट सांगतायत की आठ ओहमवर, हे विचारा. खोक्यावर 500 लिहिलेलं असतं आणि आतल्या स्पीकरवर प्रत्यक्ष मिळतात त्याहून कमी, असं होतं. उरलेले वॉट बाहेरून दुसरी पेटी जोडल्यावरच मिळतात.

मग मोठा ॲम्प लागतोच कशाला, आणि 'मोठाच घे' हा सल्ला आला कुठून? तो आला 1960 च्या दशकातून. तेव्हा स्टेजवरची साउंड सिस्टीम बहुतेक गाणाऱ्याच्या आवाजापुरती असायची. बेस शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचा तर ॲम्पनेच पोचवायला हवा. म्हणून 1969 मध्ये अँपेगने एसव्हीटी काढला, तीनशे वॉटचा, व्हॉल्व्हवर चालणारा. रोलिंग स्टोन्सच्या त्या वर्षीच्या अमेरिका दौऱ्यात तो स्टेजवर होता. त्याच्यासोबत जाणाऱ्या दहा इंची आठ स्पीकरांच्या पेटीचं वजन साठ किलोच्या पुढे. फोटोत भारीच दिसते ती. लोणावळा लोकलमध्ये चढवून दाखवा.

आज चांगल्या स्टेजवर हे काम साउंड सिस्टीम करते. बेसची वायर डीआय बॉक्समध्ये, तिथून थेट मिक्सरला. तुमच्या ॲम्पचं काम उरतं ते तुम्हाला आणि ड्रमरला ऐकू येण्यापुरतं. याला कुणी दुय्यम समजू नये. मोटाउनच्या असंख्य गाण्यांमागचे बेसिस्ट जेम्स जेमरसन स्टुडिओत ॲम्पशिवाय, थेट मिक्सरला जोडून वाजवायचे. स्टेजसाठी दहा किलोच्या आतबाहेरचा, मागे डीआयचं भोक असलेला कॉम्बो पुरतो. रंबल 40 किंवा 100 या वर्गातले ॲम्प एका हाताने उचलता येतात, तळेगावला चढून शिवाजीनगरला उतरता येतं.

पवनेच्या काठावर मात्र एक अडचण आहे. कॅम्पवर बहुतेक वेळा स्टँडवर दोन स्पीकर असतात, सबवूफर नसतो. त्यातच गाणं, गिटार आणि बेस सगळं घातलं की गाण्याचा आवाज फाटतो. शिवाय उघड्यावर भिंती नसतात, खोलीत फुगणारा बेस तिथे वाऱ्यावर जातो. म्हणून गिगला हो म्हणण्याआधी साउंडवाल्या दादांना फोन करून तीन प्रश्न विचारा: सब आहे का? डीआय आहे का? मॉनिटर आहे का? तिन्हीला 'नाही' आलं तरच मोठ्या ॲम्पची सोय बघा. आणि चौथा प्रश्न, जो कुणीच विचारत नाही: अर्थिंग आहे का? जनरेटरवर, ओल्या गवतावर, अनवाणी उभं राहून माइकला ओठ लावायचे असतात आपल्याला. गुणगुण येते म्हणून प्लगची तिसरी पिन काढून टाकणारे महाभाग मी पाहिलेत. ती पिन जिवासाठी असते. गुणगुण घालवायला डीआय बॉक्सवर 'ग्राउंड लिफ्ट'चं बटण असतं, ते फक्त आवाजाच्या वायरचं ग्राउंड तोडतं, विजेच्या अर्थिंगला हात लावत नाही.

आता मुद्द्यावर येतो. मोठा ॲम्प वर्षातून पाच-सहा वेळा लागतो. गॅदरिंग, एखादी बँड स्पर्धा, फिरोदिया करंडकाची तालीम, दोन-तीन गिग. एवढ्यासाठी एका विद्यार्थ्याने पाच आकडी रक्कम का घालावी? आपल्याकडे वाद्यं अशी एकट्याची नसतातच मुळी. ढोलपथकातला ढोल पथकाचा असतो, वादक येतात-जातात. मावळातल्या कुठल्याही गावात भजनी मंडळ बघा. पखवाज आणि पेटी मंडळाची, देवळातल्या कपाटात ठेवलेली. पखवाजाच्या धुमेला कणीक लावून खालचा नाद जुळवणारे काका आपल्या घरून फक्त हात घेऊन येतात. खालचा स्वर सगळ्यांना लागतो, म्हणून त्याचा खर्चही सगळ्यांचा. बेस ॲम्पचं वेगळं काय आहे?

यावर आक्षेप आहे, आणि तो खोटा नाही: जे सगळ्यांचं, ते कुणाचंच नसतं. कॉलेजच्या कपाटात कुलूपबंद, जाळी फुटलेली साउंड सिस्टीम आपण सगळ्यांनी पाहिलीये. त्यात मावळचा पाऊस. चार महिने बंद ठेवलेल्या ॲम्पच्या जॅकना गंज चढतो, स्पीकरच्या कागदाला बुरशी येते, नॉब फिरवले की खरखर. पण भजनी मंडळाचा पखवाज टिकतो तो काही चमत्काराने नाही. एकाकडे किल्ली असते, वहीत नाव लिहिल्याशिवाय वाद्य बाहेर जात नाही, आणि दर आठवड्याला ते वाजतं. ॲम्पलाही हेच पुरतं. एक वही, एक जबाबदार माणूस, एक जाड कव्हर, आत सिलिका जेलच्या पुड्या, आणि आठवड्यातून एकदा अर्धा तास चालू.

पैसे कुठून? प्रत्येक गॅदरिंगला एका रात्रीसाठी डॉल्बी भाड्याने येतोच. सकाळी टेम्पोत चढून तो निघून जातो आणि कॉलेजकडे काहीच उरत नाही. यंदा दोन बेस कमी लावा आणि उरलेल्या पैशात एक वाजवता येईल असा बेस आणा, असं मी म्हटलं तर डीजेप्रेमी मित्र रागावतील. रागावू देत. कॉलेजमध्ये विद्यार्थी विकास अधिकारी असतात, त्यांच्याकडे रीतसर अर्ज द्या: एक शंभर-दोनशे वॉटचा बेस ॲम्प, एक डीआय बॉक्स आणि संध्याकाळी दोन तास एक रिकामी वर्गखोली. वर्गखोली ॲम्पइतकीच महत्त्वाची, कारण तिथे शेजारी आजी नसतात. अर्जावर सह्या फक्त बेसिस्टच्या नकोत. गाणारी, ड्रमर, कीबोर्डवाला, नाटकवाले, सगळ्यांच्या घ्या. बेस एकट्याचा नसतो. तो बंद पडला की सगळं गाणं पोकळ होतं. मुंबईच्या मोहिनी डेने हे वाद्य पुढे उभं राहूनही वाजवता येतं हे दाखवून दिलंय, पण बाकी बहुतेक बेसिस्ट मागेच उभे असतात आणि आपण त्यांना गृहीत धरतो.

परवा कामशेतच्या त्या मित्राला भेटलो. ॲम्प विकायचं म्हणत होता. मी म्हटलं, थांब, कॉलेजला विचारू, ते घेतात का बघू. आलेल्या पैशातून तू हेडफोनची ती छोटी डबी घे, आणि तुझा ॲम्प वर्गखोलीत ठेवू. हवा तेव्हा येऊन वाजव, आणि तुझ्यानंतर येणाराही वाजवेल. तो काही बोलला नाही. पण बेस भिंतीवरून काढला आणि सुरात लावायला घेतला. अर्ज मी लिहितोय. पहिली सही त्याची आहे.