पहिले वाद्य घरात येते तेव्हा

"कांद्याचे पैसे हातात आले की तुला पेटी घेऊ," असा शब्द नाशिक जिल्ह्यातल्या किती घरांतून दिला गेला असेल आणि भाव पडल्यावर किती घरांतून तो मागे घेतला गेला असेल, याची गणती कोणी ठेवलेली नाही. पोराचे तोंड उतरते, आई गप्प बसते आणि बाप म्हणतो, "वाजवून का पोट भरते?" प्रश्न काही खोटा नाही. पण उत्तर देण्याआधी, नावाजलेल्या मंडळींच्या हाती पहिले वाद्य कसे आले ते एकदा ऐका तर खरे.

पंडित हरिप्रसाद चौरसिया यांचे वडील अलाहाबादचे पैलवान. पोराने लंगोट कसून आखाड्यात उतरावे, एवढीच त्यांची इच्छा. एकदा एक मुलगा बासरी वाजवताना दिसला. पाणी प्यायला तो नळावर वाकला, बासरी त्याने खाली ठेवली, आणि छोट्या हरिप्रसादने ती उचलून धूम ठोकली! चोरी ती चोरीच, तिचे कौतुक करावे असे नाही. पण घरात मागायची सोयच नव्हती, हेही त्यात आले. पुढेही त्यांचे शिकणे बरेच दिवस वडिलांच्या नजरेआडच चालले.

याउलट जोधपूरचे ब्रिजभूषण काबरा. कलकत्त्यात त्यांनी गिटार ऐकली आणि तिचे वेड लागले. गिटार म्हणजे सिनेमातले आणि हॉटेलातले वाद्य, असा तेव्हाचा समज. वडील स्वतः सतारीचे जाणकार. त्यांनी गिटार घराबाहेर फेकली नाही. अट घातली, की वाजवायचे तर रागदारीच वाजवायची. काबरांनी गिटार आडवी ठेवून तारांवर पोलादी कांडी सरकवायची हवाई बेटांतली तऱ्हा धरली. तीत बोटांना पडद्यांचा अडसर नाही, म्हणून मींड हवी तशी लांबवता येते. १९६७ साली संतूरवादक शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद यांच्याबरोबर त्यांची 'कॉल ऑफ द व्हॅली' ही ध्वनिमुद्रिका निघाली. काश्मीरच्या डोंगरातल्या एका मेंढपाळाचा दिवस तीत सुरांनी रंगवला आहे. मिळाली तर जरूर ऐका.

परक्या वाद्याचे म्हणाल, तर आपल्या वरातीतला बेंजोसुद्धा पाहुणाच बरे का! तारांवर टाइपरायटरसारख्या कळा बसवलेले हे वाद्य १९१२ साली जपानात निघाले. आता त्याच्यावाचून हळद निघत नाही.

"पोट भरते का?" या प्रश्नाला सरळ उत्तर मिळते ते नगर जिल्ह्यात जन्मलेल्या प्रभाकर जोगांकडून. लहानपणीच वडील गेले. बाराव्या वर्षी हा मुलगा पुण्यातल्या वाड्यावाड्यांत व्हायोलिन वाजवू लागला. बिदागी सव्वा रुपया आणि एक नारळ. बारा वर्षांचे पोर, काखेत पेटी, घरी येताना हातात नारळ, हे चित्र नजरेसमोर आणा. त्या सव्वा रुपयाने घराला हातभार लागत होता. पुढे सुधीर फडक्यांच्या गीतरामायणाला साथ केली ती याच हातांनी. त्यांचे व्हायोलिन शब्दांशिवाय गाते, असे लोक म्हणत. २०२१ साली ते गेले. सगळ्यांनाच हे साधते, असे मी म्हणणार नाही. बहुतेकांच्या वाट्याला गावचे भजनच येते. पण तेही काही कमी नाही.

नाशिककरांनी तर दूर जायलाच नको. पंचवटीत पंडित विष्णु दिगंबर पलुसकरांनी रामनाम आधार आश्रम काढला होता. लहानपणी फटाक्याने त्यांचे डोळे दुखावले, शाळा सुटली, म्हणून ते मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणे शिकायला गेले. डोळे शाबूत असते तर तंबोरा हाती आला असता का, कोण जाणे! १९३१ साली ते वारले, तेव्हा त्यांचा मुलगा दत्तात्रेय अवघा दहा वर्षांचा होता. तोच पुढे द. वि. पलुसकर म्हणून देशभर गाजला.

मिरजेचे नाव निघालेच आहे, तर शेतकऱ्याच्या कामाची गोष्ट सांगतो. मिरजेत तंबोरे घडवायला सुरुवात केली ती हत्यारे बनवणाऱ्या शिकलगारांनी. आणि तंबोऱ्याचा जो गोल घुमट असतो, तो लाकडाचा नव्हे, शेतात पिकलेला भोपळा! पंढरपूर-मंगळवेढा भागातले शेतकरी हा जाड सालीचा कडू भोपळा मुद्दाम लावतात. खायला तो निरुपयोगी. वेलावर पुरता पिकू देतात, उन्हात खडखडीत वाळवतात. मग कारागीर घेर पाहून निवडतो. साल जाड असेल तरच आवाज घुमतो. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, आपल्या लासलगावच्या कांद्याला मिळाले आहे तसेच. मोठमोठ्या गवयांच्या मागे जे घुमते, त्यात कोणा शेतकऱ्याचा हंगाम असतो.

आपल्या पेठ-सुरगाण्याकडच्या आदिवासी बांधवांना हे सांगायला नको. त्यांचा तारपा आणि पावरी भोपळ्याचीच. वाळका भोपळा, बांबूच्या नळ्या, सांधे बुजवायला मेण. तिथल्या पोराचे पहिले वाद्य दुकानातून येत नाही, घरच्या वेलावरून येते.

आणखी एक. मुलगी मागेल तेव्हा "तुला काय करायचीय पेटी?" असे म्हणू नका. डॉ. प्रभा अत्रे आठ वर्षांच्या होत्या तेव्हा त्यांच्या आईची प्रकृती बरी नसायची. मन रमेल म्हणून कोणीतरी सुचवले आणि आई गाणे शिकू लागल्या. ते कानावर पडून मुलगी गायिका झाली. तेव्हा मास्तर घरी येत असतील, तर माजघरातल्या माउलीनेही सतरंजीच्या कडेला बसायला हरकत नाही.

आता घेणार असाल तर नवीकोरी पेटीच हवी असा हट्ट नको. जुनी चालते, पण पारखून घ्या. पट्टी न दाबता भाता भरा. तो लगेच बसला तर हवा गळते आहे. पट्टी न दाबताच सूर निघाला तर तेही दुरुस्तीचे काम. मग एकेक पट्टी दाबून ऐका. भजनी मंडळातल्या जाणत्याला बरोबर न्या. दुकानदाराला ते आवडणार नाही, पण न्याच. घरी आणल्यावर धान्याच्या पोत्यांजवळ ठेवू नका, कारण उंदीर भाता कुरतडतात. पावसाळ्यात ओल्या भिंतीपासून दूर, फळीवर, कापडात गुंडाळून ठेवा. आणि चार-आठ दिवसांनी बाहेर काढून वाजवा, कोणाला येत असो वा नसो.