इंग्रजीचा अभ्यास कशासाठी?

रत्नागिरी जिल्ह्यात गणपतीपुळ्याच्या जवळ, समुद्राच्या काठी मालगुंड हे गाव आहे. ह्या गावी १८६६ साली कृष्णाजी केशव दामले यांचा जन्म झाला. महाराष्ट्र त्यांना केशवसुत या नावाने ओळखतो आणि आधुनिक मराठी कवितेचे जनक म्हणून त्यांचा गौरव करतो. १९९४ साली मालगुंड येथे त्यांचे स्मारक उभे राहिले. तेथे येणारे लोक कवीच्या जन्मस्थानाला नमस्कार करतात आणि परत जातात. परंतु मराठी कवितेला नवे वळण देण्याचे सामर्थ्य ह्या कवीच्या अंगी कोठून आले, हा प्रश्न थोड्यांच्याच मनात येतो. त्या प्रश्नाचे एक उत्तर शाळेतील इंग्रजीच्या तासात सापडते.

केशवसुतांचे माध्यमिक शिक्षण पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये झाले. १८८० साली स्थापन झालेल्या ह्या शाळेचे नाव इंग्रजी होते आणि वरच्या वर्गांतील बहुतेक विषयही त्या काळच्या पद्धतीप्रमाणे इंग्रजीतूनच शिकविले जात. पण तिचे एक संस्थापक विष्णुशास्त्री चिपळूणकर हे निबंधमालेचे कर्ते आणि मराठीचे कट्टर अभिमानी होते. टिळक आणि आगरकर हे त्याच शाळेचे शिक्षक. इंग्रजीत पारंगत असलेल्या ह्या माणसांनी आपले विचार लोकांपुढे मांडले ते मराठीत. इंग्रजी शिकल्याने मराठीचे प्रेम आटते, असे म्हणणाऱ्यांनी ह्या शाळेचा इतिहास अवश्य वाचावा.

केशवसुत काही परीक्षेत चमकणारे विद्यार्थी नव्हते. १८८९ साली ते मॅट्रिक झाले, तेव्हा त्यांच्या वयाची तेविशी आली होती. परंतु इंग्रजी कविता त्यांनी केवळ परीक्षेपुरती वाचली नाही. सामान्य माणसाचे सुखदुःख, निसर्गाचे एखादे साधे दृश्य, कवीच्या स्वतःच्या मनातील खळबळ, हेही कवितेचे विषय होऊ शकतात, हे त्या वाचनाने त्यांच्या मनावर ठसले. चौदा ओळींची एक बांधीव रचना इटलीतून इंग्लंडात गेली होती. शेक्सपिअरने तशा १५४ कविता लिहिल्या. ही रचना केशवसुतांनी मराठीत आणली. पुढे तिला ‘सुनीत’ असे गोड नाव मिळाले. विशेष असे की, ‘आम्ही कोण?’ ही त्यांची प्रसिद्ध चौदा ओळींची कविता शार्दूलविक्रीडित वृत्तात आहे. प्रत्येक ओळीत एकोणीस अक्षरे असलेले हे वृत्त संस्कृतातून आलेले आणि मराठी कानाला शतकानुशतके परिचित. बांधणी दूरदेशीची, वृत्त आपल्या घरचे आणि आशय कवीच्या अंतःकरणातला! याला अनुकरण म्हणत नाहीत. ह्याचे नाव आत्मसात करणे.

हे मराठीत प्रथमच घडले असेही नाही. ज्ञानेश्वरांनी १२९० साली गीतेचा अर्थ संस्कृतातून मराठीत आणला, तेव्हा मराठी दुबळी झाली नाही. ती अधिक समर्थ झाली. भाषेचे घर दारे बंद केल्याने राखले जात नाही. बाहेरून आलेले चांगले धान्य आपल्या जात्यावर दळून घेण्याची ताकद घरात असली, म्हणजे ते घर भरभराटीला येते.

कोणी म्हणतात, ‘पत्र लिहिण्यापुरते, नोकरीपुरते इंग्रजी आले म्हणजे पुरे; त्यांच्या कविता आणि गोष्टी कशाला हव्यात?’ उपयोगापुरती भाषा शिकणे काही वाईट नाही. विज्ञानाचे ग्रंथ वाचावयास आणि परप्रांतीयांशी बोलावयास इंग्रजीचे साहाय्य होते. परंतु भाषेचे व्याकरण शिकणारा तिच्या उंबरठ्यापर्यंतच पोचतो. घरातील माणसे कशी हसतात आणि कशासाठी रडतात, हे तिच्या साहित्यावाचून कळत नाही.

दुसरीही एक बाजू आहे, आणि ती विसरून चालणार नाही. सर्व विषय इंग्रजीतून शिकण्याच्या त्या जुन्या पद्धतीत अनेक मुले अर्थ न समजता पाठांतर करीत आणि मागे पडत. परक्या भाषेचे ओझे कोवळ्या बुद्धीवर अवेळी पडले, तर ज्ञान दूरच राहते. म्हणून समजून घेण्यासाठी मातृभाषा आणि जगाकडे पाहण्यासाठी इंग्रजी, हाच क्रम योग्य होय.

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिल्या इयत्तेतच इंग्रजी शिकविले जाते. मालगुंडच्या मुलालाही ती अक्षरे आता लहानपणीच भेटतात. तरी दोन दोष अजून दिसतात. इंग्रजी येत नाही म्हणून कोणी मान खाली घालतो, तर चार शब्द येतात म्हणून कोणी आपल्या मराठी बोलणाऱ्या आईला हसतो. पहिल्याला धीर द्यावा. भाषा ही सरावाने येणारी गोष्ट आहे. दुसऱ्याने मात्र केशवसुतांची आठवण ठेवावी. ते पुढे शिक्षक झाले, मुंबई, खानदेश, धारवाड अशा ठिकाणी राहिले आणि १९०५ साली, अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षी हुबळी येथे निवर्तले. त्यांच्या सुमारे १३५ कविता आज उपलब्ध आहेत. संख्येने त्या थोड्या आहेत. पण त्यांनी मराठी कवितेची वाट बदलली.

इंग्रजीचा धडा वाचून झाल्यावर विद्यार्थ्याने स्वतःला एकच प्रश्न विचारावा : ‘ह्यातले काय मला माझ्या भाषेत सांगता येईल?’ ज्याला उत्तर देता येईल, त्याचा अभ्यास सफल झाला असे समजावे.