लंडनची नाही, मद्रासची!

वीकेंडला तुम्ही काय करता? मॉल, मल्टिप्लेक्स, नाहीतर दुपारपर्यंत झोप? मी गेलं वर्षभर शुक्रवारी रात्री लॅपटॉप बंद करून पुण्याहून अमरावतीची गाडी पकडतोय. कारण आहे मामाच्या पोर्चमध्ये ताडपत्रीखाली झोपलेली एक म्हातारी. आजोबांची स्टँडर्ड हेरल्ड, मॉडेल १९७०.

आधी थोडी कुंडली. ट्रायम्फ हेरल्ड इंग्लंडमध्ये १९५९ साली आली. डिझाइन इटलीच्या मिकेलोत्तीचं. तिच्याच चासीवरून पुढे १९६२ साली स्पिटफायर ही स्पोर्ट्स कार निघाली. आपल्याकडे १९६१पासून मद्रासची स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स ही गाडी बनवायची. बॉनेट उघडलं की पुढचे मडगार्डही सोबत वर येतात आणि अख्खं इंजिन समोर! बघूनच प्रेमात पडलो ना बॉस.

प्रेमात माणूस करतो तो पहिला मूर्खपणा मीही केला. नेटवर इंग्लिश गाड्यांचे फोटो पाहून पार्ट मागवत सुटलो. डिकीवर लावायला चकचकीत ‘१२००’चा बॅजही आला. शिवाय छत कापून ओपन-टॉप करायची, लाल रंग द्यायचा, असा फुल्टू प्लॅन!

राजापेठेतले आमचे मेकॅनिक काका सत्तरीचे. त्यांनी बॅज हातात घेतला, उलटसुलट केला आणि म्हणाले, “भाऊ, हे इंजिन नऊशे अठ्ठेचाळीस सीसीचं हाये. बाराशे कायले लिहिता? पयले गाडीले इचारा, मंग पुस्तकाले.”

खरंच होतं. इंग्लंडमध्ये १९६१ साली मोठं इंजिन आलं, आपली हेरल्ड मात्र शेवटपर्यंत ९४८ सीसीचीच राहिली. आणि आमच्या गाडीला दारं चार! इंग्लंडमध्ये चार दारांची हेरल्ड कधी बनलीच नाही. तिथली ओपन-टॉपही दोन दारांची. म्हणजे छत कापलं असतं तर जी गाडी लंडनमध्येही नव्हती आणि मद्रासमध्येही, ती मी अमरावतीत जन्माला घातली असती.

मग विचारायला लागलो. आधी आरसी बुक काढलं आणि चासी नंबर, इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरांशी ताडून पाहिले. प्रत्येक नट-बोल्ट खोलायच्या आधी फोटो, मग वेगळी पिशवी, वर चिठ्ठी. डायनॅमोवरची काजळी पुसली तर खाली ‘लुकास-टीव्हीएस’चा शिक्का निघाला. ही कंपनीही मद्रासचीच. त्याच्या जागी मी ‘मेड इन इंग्लंड’ बसवायला निघालो होतो. दिसायला भारी, पण या गाडीसाठी चूकच.

अकोल्याच्या एका भंगारवाल्याने “शंभर टक्के हेरल्डचा” म्हणून मागचा ॲक्सल गळ्यात मारला, तो निघाला गॅझेलचा. हेरल्डची मागची चाकं स्विंग ॲक्सलवर, प्रत्येक चाक आपापलं वरखाली होणारं. १९७२ साली तिच्याजागी गॅझेल आली, तिला सरळ, अखंड ॲक्सल होता. पैसे गेले, अक्कल आली. तक्रार तरी कोणाकडे करणार? मद्रासचा कारखाना १९८८मध्येच बंद पडला. आता खरी माहिती आहे ती काकांसारख्यांच्या डोक्यात, आणि ती पिढी काही कायमची थांबणार नाहीये.

खरा राडा झाला रंगावरून. मामा ठाम, “गाडी पांढरीच होती.” मी डॅशबोर्डच्या मागे टॉर्च मारला, दाराचं रबर ओढून पाहिलं. पेंटरची गन जिथे पोचत नाही तिथे जुना रंग जिवंत असतो. निघाला फिकट निळा. मामा ऐकेना. “पुटी असेल खालची.” दोन वीकेंड आमचं बोलणं बंद. घरातल्या अल्बममध्ये सगळं ब्लॅक अँड व्हाइट.

शेवटी अकोल्याला थोरल्या मावशीला फोन लावला. तिचं लग्न १९७१चं, याच गाडीतून ती सासरी गेली. “पांढरी कुठची रे? निळीच होती ते,” मावशी म्हणाली. “पुढच्या वर्षी बाबांनी पांढरी करून घेतली. हा तवा पाच वर्षाचा, ह्याले काय आठवते!” फोन स्पीकरवर होता. मामा काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पेंटरकडे तोच जाऊन आला.

मागच्या महिन्यात गाडी निळी झाली आणि आम्ही थेट अकोल्याला निघालो. बडनेरा सोडलं की लोणी ते माना हा तोच पट्टा, जिथे जून २०२२मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबर टाकून गिनीज रेकॉर्ड केलं होतं. आमचं रेकॉर्ड म्हणजे मूर्तिजापूरपर्यंत एकदाही बॉनेट उघडावं लागलं नाही!

मावशी काठी टेकत बाहेर आली. बॉनेटकडे, डायनॅमोकडे ढुंकूनही पाहिलं नाही. सरळ मागच्या डाव्या दाराशी गेली आणि हँडलवर हात ठेवला.

“याच दारात शालू अडकला होता माझा,” म्हणाली. “बाबांनी मूर्तिजापूरला गाडी थांबवून सोडवला.”

मामाने दार उघडलं, ती आत बसली. तो ‘१२००’चा बॅज माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. कुणाला हवा असेल तर फुकट देईन, फक्त आधी तुमच्या गाडीला विचारून या.