पिकावरील चिमण्या : आधी ओळख, मग उपाय

ज्वारी-बाजरी निसवून कणसे चिकात भरू लागली की राखणीस आरंभ होतो. माळ्यावर उभा राहून गोफण फिरविणारा राखणदार असो किंवा बांधावरून डबा बडवीत फिरणारी मुले असोत, सर्वांच्या तोंडी एकच आरोळी असते : “चिमण्या उतरल्या!” मातकट रंगाचे, आखूड व जाड चोचीचे, थव्याने येणारे जे जे लहान पाखरू कणसावर बसेल, ते ते चिमणी ठरते. त्याच वेळी शहरात निराळीच तक्रार ऐकू येते. तेथे चिमण्या नाहीशा झाल्याबद्दल हळहळ व्यक्त होते. एकाच नावावर शेतात राग आणि शहरात दया, असा हा प्रकार आहे. मात्र ही चिमणी नेमकी कोणती, हा प्रश्न दोन्हीकडे क्वचितच विचारला जातो.

हा प्रश्न केवळ पक्षिशास्त्राच्या अभ्यासकाचा नाही, शेतीचाही आहे. कीड न ओळखता औषध फवारणारा शेतकरी पैसा व पीक दोन्ही गमावतो, हे आता गावोगावी पटले आहे. पाखरांच्या बाबतीत तोच नियम का लागू करू नये?

सारख्या दिसणाऱ्या, पण वेगळ्या

महाराष्ट्रातील शेतशिवारात खऱ्या अर्थाने चिमणी म्हणता येतील असे पक्षी मुख्यतः दोन. पहिली ओळखीची घरचिमणी. नराच्या डोक्याचा माथा राखी, गाल पांढुरके आणि गळ्यावर काळा पट्टा असतो. मादीला काळा गळा नसतो. तिच्या डोळ्यामागे फिकट रेघ आणि पाठीवर गडद रेघोट्या असतात. ही चिमणी माणसाच्या सोबतीने राहते. भिंतीतील भोक, वळचण, तसबिरीमागची जागा ही तिची घरट्याची ठिकाणे होत. वस्ती उठली की तीही तेथून हळूहळू निघून जाते.

दुसरी रानचिमणी. हिला पीतकंठी चिमणी असेही म्हणतात. घरचिमणीहून ती किंचित सडपातळ व तिची चोच अधिक निमुळती असते. नराच्या गळ्यावर पिवळा ठिपका व खांद्यावर विटकरी डाग असतो. मादीत हे रंग फिकट असल्यामुळे दुरून ती हुबेहूब घरचिमणीच्या मादीसारखी भासते. अशा वेळी गळा पाहत बसण्यापेक्षा पाठ पाहावी. पाठीवर रेघोट्या असतील तर घरचिमणी, पाठ कोरी व सरसकट करडी-तपकिरी असेल तर रानचिमणी. एवढी एक खूण ध्यानात राहिली तरी निम्मा गोंधळ मिटतो.

रानचिमणी घराच्या आश्रयास सहसा येत नाही. विरळ झाडीचे माळ, बांधावरची जुनी झाडे व गावाबाहेरची आमराई ही तिची ठिकाणे. झाडाच्या ढोलीत, किंवा सुतार व तांबट पक्ष्यांनी कोरून सोडलेल्या बिळात ती उन्हाळ्यात अंडी घालते. दाण्याबरोबर किडे, लहान फळे आणि फुलांतील मधही ती खाते. फुलोऱ्याच्या दिवसांत तिच्या कपाळाला परागकण चिकटलेले दिसतात.

याच पाखराने भारतातील पक्षिशास्त्राला एक थोर अभ्यासक मिळवून दिला. १९०८ साली मुंबईत सलीम अली नावाच्या एका मुलाने छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग पाहून तो बुचकळ्यात पडला व ती घेऊन मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीचे मानद सचिव मिलर्ड यांच्याकडे गेला. मिलर्ड यांनी ती पीतकंठी चिमणी असल्याचे सांगितले आणि पक्ष्यांचा संग्रह उघडून दाखविला. पुढे डॉ. सलीम अलींनी १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मचरित्राचे नावही या चिमणीच्या पाडावावरूनच ठेवले. नेहमीच्या पाखरात काही वेगळे आहे असे एका मुलाला दिसले, एवढ्यावरून हे सारे घडले.

चिमणी नसलेल्या ‘चिमण्या’

कणसावर उतरणाऱ्या थव्यात याशिवाय इतर पाखरेही असतात. सुगरणीचा नर पावसाळ्यात पिवळ्या माथ्याने लगेच ओळखू येतो. परंतु मादी आणि विणीचा हंगाम नसतानाचा नर हे दोघेही चिमणीच्या मादीसारखेच दिसतात. त्यांची चोच अधिक जाड व शेपटी आखूड असते. विहिरीवर कललेल्या बाभळीला किंवा शिंदीला लोंबणारे खोपे याच पक्ष्याचे. नाव सुगरण असले तरी खोपा विणतो तो नर, हेही येथे सांगितले पाहिजे.

तिसरा प्रकार भारीट पक्ष्यांचा. काळ्या डोक्याचा भारीट पावसाळा सरताच परदेशातून येतो, रब्बी ज्वारीच्या शेतांत मोठमोठ्या थव्यांनी वावरतो आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परत जातो. नराचे डोके काळे व पोट पिवळे असते, मादी मात्र मळकट व चिमणीसारखी. मुनिया, म्हणजेच मनोल्या, या आणखी लहान असून त्यांचे थवे गवताच्या व बारीक धान्याच्या मागे असतात.

चुकीच्या ओळखीची किंमत

शेतकऱ्याचे नुकसान खोटे नाही. आसपासच्या शेतांआधी निसवलेला ज्वारीचा एखादा लहान तुकडा थव्याने अक्षरशः रिकामा केलेला कोणीही पाहिला असेल. ज्याचे वर्षाचे धान्य त्या तुकड्यावर अवलंबून आहे, त्याला पक्ष्यांवर दया करा असा नुसता उपदेश करणे अन्यायाचे आहे. तथापि रागाच्या भरात केलेला उपाय पुष्कळदा भलत्याच पाखरावर पडतो. रब्बी ज्वारी भारिटांनी खाल्ली म्हणून विहिरीवरचे सुगरणीचे खोपे तोडले, तर त्याचा काय उपयोग? भारीट या प्रदेशात घरटे बांधतच नाहीत. घराच्या वळचणीतील चिमणीची पिले काढून टाकल्यानेही शिवारातला थवा कमी होत नाही. विषारी दाणे टाकणे तर त्याहून घातक होय. त्यांत दोषी-निर्दोष असा भेद उरत नाही. कबुतरे, मोर, कोंबड्या, प्रसंगी घरचे जनावरही त्याला बळी पडते. रानपक्षी मारणे किंवा जाळ्यात धरून विकणे यांवर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने निर्बंध घातले आहेत, हेही विसरून चालणार नाही.

या पाखरांच्या उपकाराची बाजूही हिशेबात धरली पाहिजे. घरचिमणी, रानचिमणी व सुगरण हे दाणे टिपणारे पक्षी खरे, पण त्यांची पिले कोवळी असताना केवळ दाण्यावर वाढत नाहीत. त्यांना अळ्या, नाकतोडे, मावा असे मऊ खाद्य लागते. पिलांना भरविण्यासाठी आईबाप दिवसभर खेपा घालतात. कणसे भरण्यापूर्वीच्या दिवसांतले हे काम शेतकऱ्याच्या नजरेस पडत नाही, कणसावरची चोच तेवढी दिसते.

एका मोठ्या देशाने ही चूक सरकारी मोहिमेच्या रूपाने केली होती. चीनमध्ये १९५८ साली चार उपद्रवी जीवांच्या नायनाटाची मोहीम निघाली आणि त्यांत चिमणीचा समावेश झाला. तेथील ही चिमणी म्हणजे भारतात ईशान्येकडे आढळणारी, गालावर काळा ठिपका असलेली वृक्षचिमणी. ढोल-ताशे व थाळ्या बडवून पाखरे दमेपर्यंत उडत ठेवली गेली, घरटी मोडली, अंडी फोडली. पक्षितज्ज्ञ झेंग झुओशिन यांनी पाखरांच्या पोटातील खाद्य तपासून त्यांत किड्यांचे प्रमाण दाखवून दिले. अखेर १९६० साली चिमणीचे नाव यादीतून वगळून तेथे ढेकणाचे नाव घालण्यात आले. तोवर पिकांवरील किडींना मोकळे रान मिळाले होते. त्या काळातील भीषण दुष्काळाची कारणे अनेक होती, त्यांत या चुकीचाही वाटा मानला जातो.

रक्षणही ओळखूनच

मारण्यात जशी चूक होते तशी जपण्यातही होते. नाशिक येथील नेचर फॉरएव्हर सोसायटीच्या पुढाकाराने २०१० पासून २० मार्च हा जागतिक चिमणी दिन पाळला जातो व त्या निमित्ताने घरोघरी लाकडी खोकी टांगली जातात. उपक्रम स्तुत्य आहे. परंतु त्याचा लाभ प्रामुख्याने घरचिमणीला होतो. भारतातील पक्ष्यांच्या स्थितीविषयी २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात घरचिमणीची संख्या देशात एकंदरीत स्थिर, पण मोठ्या शहरांत घटलेली आढळली. म्हणजे शहरात खोके टांगणे योग्यच आहे. खेड्यात मात्र तेवढ्याने भागणार नाही.

रानचिमणीला खोक्यापेक्षा पोकळ झाड हवे. बांधावरचा जुना आंबा किंवा वठत चाललेली बाभूळ ‘निकामी’ म्हणून तोडली जाते, तेव्हा सरपण मिळते, पण ढोलीत राहणाऱ्या अनेक पक्ष्यांचे घर जाते. त्यांत रानचिमणीप्रमाणेच उंदीर मारणारे पिंगळेही असतात. नव्या रोपाला ढोली पडण्यास कित्येक वर्षे लागतात. वृक्षारोपणाच्या आकड्यांनी ती उणीव भरून निघत नाही. म्हणून प्रत्येक शिवारात अशी चार-दोन जुनी झाडे राखून ठेवणे, हा रानचिमणीच्या रक्षणाचा सर्वांत स्वस्त व खात्रीचा मार्ग होय. सुगरणीसाठी विहिरीवरची बाभूळ व शिंदी, मनोल्यांसाठी बांधावरचे गवत आणि घरचिमणीसाठी वळचणीतले भोक, असे प्रत्येकीचे मागणे वेगळे आहे.

शेतकरी बंधूंनी काय करावे

पीक राखण्याचे उपाय मुख्यतः कणसे चिकात आल्यापासून दाणा टणक होईपर्यंतच्या दिवसांसाठी असावेत. गावाने एका शिवारात शक्यतो एकाच वेळी पेरणी केल्यास थवे विभागले जातात व एकाच शेतावर भार पडत नाही. लवकर किंवा उशिरा येणारा एकटा तुकडा नेहमी अधिक खाल्ला जातो. बाजरीचे केसाळ कणसाचे वाण पाखरांना तुलनेने कमी सोयीचे पडतात. वाऱ्यावर चमकणाऱ्या व गुणगुणणाऱ्या फिती, गोफण व राखण यांचा उपयोग आलटून पालटून करावा, कारण एकच बुजगावणे पाखरांच्या लवकर अंगवळणी पडते. विष कोणत्याही परिस्थितीत वापरू नये. औषध चोळलेले बियाणे पेरताना ते उघड्यावर सांडू देऊ नये.

घरचिमणीसाठी खोके बसवायचे झाल्यास त्याचे भोक सुमारे ३२ मिलिमीटर व्यासाचे असावे. खोके सावलीत, मांजर पोहोचणार नाही अशा उंचीवर भिंतीला पक्के करावे.

ग्रामसेवक, कृषी सहायक आणि शाळेचे गुरुजी यांच्यावरही एक जबाबदारी येते. पाखरांच्या नुकसानीची नोंद करताना नुसते ‘चिमण्या’ असे लिहून भागू नये. घरचिमणी, सुगरण, भारीट की मनोली, हे लिहावे आणि पिकाची अवस्था व महिनाही नोंदवावा. शाळकरी मुलांना सुगीत एक दिवस शिवारात नेऊन पाठीवरच्या रेघोट्या, चोच व शेपटी पाहण्यास शिकविले, तर अशी नोंद करणारी पिढी गावातच तयार होईल.

येत्या हंगामात कणसावर थवा उतरेल तेव्हा गोफण जरूर उचलावी. तत्पूर्वी क्षणभर थांबून त्या पाखराची पाठ पाहावी. आणि बांधावरच्या पोकळ झाडाला कुऱ्हाड लावण्याआधी त्याच्या ढोलीत कोण राहते, तेही एकदा पाहून घ्यावे.