पीठ नको, जामीन द्या



2024 च्या जन्माष्टमीचा पाऊस फतेगंजात कोणी विसरलं नसेल. विश्वामित्रीची धोक्याची पातळी 25 फूट, पाणी 35 च्याही वर गेलं. आमच्या तळमजल्याच्या खोलीत ते कमरेपर्यंत आलं. ओसरल्यावर पाहिलं तर मागची भिंत फुगलेली. घरमालक म्हणाले, दुरुस्ती काढतो, तुम्ही दुसरी जागा बघा. त्यांचंही नुकसान झालं होतं, मी भांडले नाही. मुलांचे वडील करोनात गेले. मुलगा आठवीत, मुलगी तिसरीत.

दहा दिवस निजामपुऱ्यात नणंदेकडे, मग ओळखीच्या शिंप्याच्या दुकानाच्या माळ्यावर. रैनबसेऱ्यात जा असं एकाने सुचवलं. तेरा वर्षांच्या मुलाला रात्री पुरुषांच्या बाजूला एकट्याला झोपवतील या धास्तीने मी गेले नाही. सात आठवडे असे काढले.

मंडळीने पीठ, तेल, चादरी दिल्या. देणाऱ्यांचं भलं होवो. पण शेगडीच नव्हती, दहा किलो पिठाचं करायचं काय? निम्मं मी शिंप्याच्या घरी दिलं. मला हवा होता घरमालकापुढे उभं राहून “या बाईंना मी ओळखतो” म्हणणारा एक माणूस. खोल्या रिकाम्या होत्या हो! पण एकटी बाई म्हणून नको, मटण-मच्छी खाता म्हणून नको, आणि कुठे जमलंच तर तीन महिन्यांचं डिपॉझिट. आपल्यातल्याही दोघांनी नाही म्हटलं, हेही लिहायला हवं.

त्या दिवसांत पंडिता रमाबाईंच्या आईची फार आठवण यायची. अनंतशास्त्री डोंगरे गंगामूळला आल्यागेल्यांना जेवू घालून कर्जात बुडाले आणि बिऱ्हाड घेऊन निघाले. रमाबाई तेव्हा सहा महिन्यांच्या होत्या, वेताच्या पेटाऱ्यात घालून त्यांना डोंगर उतरवलं. पुढची कितीतरी वर्षं घर नाही, तीर्थांमागून तीर्थं. तरी लक्ष्मीबाई पहाटे पाखरं बोलायला लागली की लेकीला मांडीशी घेऊन संस्कृत शिकवायच्या. त्या शिकवणीने भूक टळली नाही, दुष्काळात आईवडील दोघंही गेले. पण पुढे कलकत्त्याच्या पंडितांपुढे बोलली ती तीच शिकवण.

मी काही लक्ष्मीबाई नव्हे. माळ्यावर साडेपाचला दिवा लावायचा, मुलीची वेणी घालायची आणि पाढे म्हणून घ्यायचे, एवढंच जमायचं. मुलगा चिडायचा, “घर नाही आणि तुला सत्ते छप्पनची पडली आहे!” खरं सांगते, ते पाढे मुलीपेक्षा मलाच जास्त लागायचे. म्हणून एक दिवसही शाळा बुडवू दिली नाही. ज्यांना आता गाव बदलावं लागतंय त्यांना सांगते, शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे दाखल्याचा कागद नाही म्हणून मुलाचा प्रवेश अडवता येत नाही. घाबरू नका, पण मागे लागावं लागतं.

माझं म्हणणं एवढंच. मंडळीच्या मदतनिधीतून डिपॉझिट थेट घरमालकाला द्यावं, आणि भाडेकरू खोली सोडेल तेव्हा ते परत निधीत यावं. पीठ संपतं, हा पैसा फिरत राहतो. काही जण म्हणतील, भाडं थकलं तर काय? थकेलही एखाद्याचं. तेवढी जोखीम नात्यातल्या लग्नांत आपण डोळे मिटून घेतोच की. शिवाय अकरा महिन्यांच्या करारावर दोन जाणत्या माणसांनी ओळख म्हणून सही केली तर घरमालकाचाही जीव भांड्यात पडतो. मला शेवटी खोली मिळाली ती शिंप्याच्या अशाच एका सहीवर. तो आपल्या मंडळीतला नाही.

ज्यांच्याकडे खोली रिकामी असेल त्यांनी येत्या रविवारी उपासनेनंतर पाळकसाहेबांकडे नाव द्यावं. पहिल्या करारावर ओळखीची सही मी करते.

— एक बहीण, फतेगंज