अर्धवट नाव आणि पुरते टिपण

गेल्या महिन्यात आमच्या राजारामपुरीतील घरी वडिलांच्या नावे एक पाकीट आले. नावाच्या जागी ‘वर्धमा’ एवढीच अक्षरे होती आणि त्यांच्यापुढे प्रश्नचिन्ह असलेली एक काळी चौकट छापलेली होती. ऐंशी ओलांडलेल्या वडिलांनी चष्मा पुसून ते दोनदा पाहिले आणि विचारले, “माझ्या नावातला ‘न’ कोणी नेला?” घरात हशा पिकला, माझी पुतणी मात्र हसली नाही. ती एका सॉफ्टवेअर कंपनीचे काम कोल्हापुरात राहून करते. पाकीट हातात घेऊन ती म्हणाली, “काका, ही चूक माझ्या ओळखीची आहे.”

तिने समजावून सांगितले ते असे. संगणक अक्षरे साठवतो ती बाइटच्या मापाने. आज सर्वत्र रूढ असलेल्या यूटीएफ-८ या पद्धतीत साध्या इंग्रजी अक्षराला १ बाइट लागतो, तर देवनागरीतील प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात. ‘वर्धमान’ या शब्दात आपल्याला चार अक्षरे दिसतात. संगणकाला मात्र व, र, हलन्त, ध, म, काना आणि न अशी ७ चिन्हे दिसतात. म्हणजे २१ बाइट झाले. कोणीतरी इंग्रजी नावे डोळ्यांसमोर ठेवून ‘नाव २० बाइटवर तोडावे’ अशा दोन ओळी लिहिल्या असाव्यात. पहिल्या सहा चिन्हांत १८ बाइट संपले, ‘न’च्या वाट्याला दोनच उरले, आणि त्या अपुऱ्या दोन बाइटांची काळी चौकट झाली.

अशा दोन-चार ओळींचे तुकडे प्रोग्रॅम लिहिणारी मंडळी एकमेकांना सतत देत-घेत असतात. तारीख कशी मांडावी, यादी कशी लावावी, नाव कोठे तोडावे, हे प्रत्येकाने नव्याने शोधायचे ठरवले तर काम कधीच पुरे व्हायचे नाही. ही देवघेव संगणकाइतकीच जुनी आहे. केंब्रिज विद्यापीठातील एडसॅक या संगणकाने ६ मे १९४९ रोजी आपला पहिला प्रोग्रॅम चालवला. नेहमी लागणाऱ्या आकडेमोडीचे छोटे छोटे भाग तेथे कागदी फितीवर छिद्रे पाडून जपून ठेवले जात, आणि ज्याला गरज असेल तो त्यांची नक्कल आपल्या फितीवर करून घेई. विल्क्स, व्हीलर आणि गिल या तिघांनी १९५१ साली त्यावर पुस्तक लिहिले. त्यात प्रत्येक तुकड्याबरोबर तो काय करतो, किती जागा व्यापतो आणि किती वेळ घेतो याचे वर्णन दिलेले आहे. नुसती फीत हाती देऊन भागत नाही, हे त्या पहिल्या पिढीनेच ओळखले होते.

पुतणीच्या बोलण्यात एक खंत होती. हाच दोष दूर करण्यात तिचे दोन दिवस गेले होते. तिसऱ्या दिवशी एका सहकाऱ्याने सहज सांगितले, “अगं, हे मी गेल्या वर्षीच सोडवलं होतं.” उत्तर त्याच्याजवळ होते, पण ते त्याच्याच संगणकात पडून राहिले होते. तो मनाने वाईट नव्हता. कोणी विचारले नाही म्हणून त्याने सांगितले नाही. शिवाय आपल्याला ठाऊक आहे ते सर्वांना ठाऊक झाले तर आपली किंमत काय राहील, ही भीतीही अनेकांच्या मनात असते. आजच्या नोकरीच्या दिवसांत ती अगदीच निराधार म्हणवत नाही. पण लपवलेल्या ज्ञानाने त्याची खुर्ची टिकली असेल-नसेल. हिचे दोन दिवस मात्र निश्चित गेले.

हे ऐकताना मला माझे विद्यार्थीदिवस आठवले. राजर्षी शाहू महाराजांच्या प्रोत्साहनाने १९०१ पासून या नगरीत निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे उभी राहिली. खेड्यातून आलेला मीही अशाच एका वसतिगृहात राहून शिकलो. वरच्या वर्गातील एका मुलाने मला आपली गणिताची वही दिली होती. तिच्यातील सोडवलेल्या उदाहरणांपेक्षा समासातील बारीक अक्षरांचा मला अधिक उपयोग झाला: ‘येथे मी चिन्ह चुकवले होते’, ‘ही रीत अपूर्णांकाला चालत नाही’. नवव्या शतकातील महावीराचार्यांच्या ‘गणितसारसंग्रहा’तही आधी नियम येतो आणि त्यामागून उदाहरणे येतात. नियम खरोखर उमगला की नाही, हे उदाहरणावाचून कसे कळावे?

समासातील ती बारीक अक्षरे नसली तर काय होते, याचा एक दाखला पुतणीने दिला. बाइटांची संख्या माणसाला वाचता येईल अशा रूपात दाखवणारा एक छोटा तुकडा आंद्रेआस लुंडब्लाड या प्रोग्रॅमरने २०१० साली सर्वांसाठी लिहून ठेवला. जावा या भाषेतील तो सर्वाधिक नक्कल झालेला तुकडा असल्याचे पुढे एका अभ्यासात दिसून आले. मग लुंडब्लाड यांनी स्वतःच तो पुन्हा तपासला, तेव्हा त्यात दोष आढळला. ९,९९,९९९ बाइटांना ‘१.० मेगाबाइट’ म्हणायचे, तेथे तो ‘१०००.० किलोबाइट’ म्हणत होता. २०१९ साली त्यांनी ही चूक जाहीरपणे मांडली आणि दुरुस्तीही दिली. नक्कल करणारे हजारो होते. चूक सांगायला अखेर मूळ लेखकच पुढे आला. आपल्याकडे क्षमावणीच्या दिवशी आपण जे मुखाने म्हणतो, ते त्यांनी आपल्या कामातून केले, असे मला वाटले.

पुतणीने आता स्वतःसाठी एक नेम केला आहे. कोणताही उपयोगी तुकडा हाती लागला की ती त्याचे टिपण लिहिते आणि सहकाऱ्यांच्या सामाईक वहीत ठेवते. अडचण काय होती, उपाय काय, तो का चालतो, कोठे चालत नाही, कोणत्या उदाहरणांवर तपासला, कोणाकडून घेतला आणि तारीख काय, एवढे सारे त्यात असते. तारखेचे कारण मी विचारले. तिने सांगितले, की नाव बाइटवर न तोडता पूर्ण अक्षरावर तोडावे, हा तिचा उपाय. पण ‘पूर्ण अक्षर’ कशाला म्हणावे याचा युनिकोडचा नियमच २०२३ साली सुधारला गेला. जुन्या नियमाने ‘वर्धमान’चे व, र्, ध, मा, न असे पाच भाग पडतात; नव्या नियमाने ‘र्ध’ हे जोडाक्षर अखंड राहते आणि चारच भाग होतात. तारीख नसलेले टिपण उद्या वाचणाऱ्याला फसवील.

वाटण्यालाही मर्यादा आहेत. कंपनीचा गुप्त कोड, ग्राहकांची नावे, पासवर्ड हे आपले नव्हे. ते वाटणे म्हणजे परक्याचे धन उधळणे. दुसऱ्याचा तुकडा घेऊन त्याचे नाव पुसणे हेही अचौर्यात बसत नाही. आणि घेणाऱ्याने एक पथ्य पाळावे: जी ओळ आपल्याला समजावून सांगता येत नाही, ती आपल्या कामात घालू नये.

आहार, औषध, अभय यांच्या जोडीने शास्त्रदानाला आपण दान मानतो. पूर्वी ग्रंथाची नक्कल करवून ती मंदिराला अर्पण करीत. त्या ग्रंथांची थोरवी या चार ओळींच्या टिपणाला नाही. पण आपल्याला कळलेले दुसऱ्याच्या हाती नीट पोहोचावे, ही तळमळ तीच आहे. ज्या घरांतील मुले-मुली या व्यवसायात आहेत, त्यांनी त्यांना एकदा अवश्य विचारावे: या महिन्यात तू काय शिकलास, आणि ते कोणासाठी लिहून ठेवलेस?

पाकीट पाठवणाऱ्यांना पुतणीने परवाच एक पत्र लिहिले. दोष कोठे असावा, तो कसा तपासावा, हे सांगून तिने आपले टिपण सोबत जोडले. तपासणीच्या उदाहरणांत पहिले नाव तिने आजोबांचेच घातले आहे. वडील आता पुढच्या पाकिटाची वाट पाहत आहेत.