रोगी आढ्य नसेल तर?

चिकित्सेच्या चार पादांचे विवेचन करताना वाग्भटांनी रोग्याचे जे चार गुण सांगितले आहेत, त्यांत 'आढ्य' हा गुण प्रथम येतो. चरकांच्या खुड्डाकचतुष्पाद अध्यायात रोग्याच्या ठिकाणी स्मृती, निर्देशकारित्व, अभीरुत्व आणि ज्ञापकत्व अपेक्षिले आहे. तेथे धनाचा उल्लेख नाही. वाग्भटांनी मात्र व्यवहार ओळखला. ज्याच्यापाशी औषधाला पैसा आहे त्याचीच चिकित्सा तडीस जाते, हे त्यांना दिसले असावे आणि ते त्यांनी आडपडदा न ठेवता लिहिले. आमवाताचा रोगी तीन महिन्यांच्या चिकित्सेसाठी येतो, पहिल्या महिन्यात सूज उतरते, दुसऱ्या महिन्यात तो दिसेनासा होतो आणि वर्षाने पुन्हा तीच सांधेदुखी घेऊन दारात उभा राहतो, हा अनुभव आपल्यापैकी कोणास नाही? विचारले तर उत्तर ठरलेले असते, 'वैद्यराज, गुण होता, पण परवडेना.'

मग रोगी आढ्य नसेल तर त्याच्या वतीने आढ्य कोणी व्हावयाचे, हा प्रश्न राहतो. त्याचे उत्तर ग्रंथात नाही, ते राज्यव्यवस्थेत आहे. आपल्याकडे निवडणुका आल्या की हा विषय जाहीरनाम्यात येतो. २०२४ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीत विरोधी महाविकास आघाडीने पंचवीस लाख रुपयांपर्यंतच्या आरोग्य विम्याचे आश्वासन दिले. सत्ताधारी पक्षांच्या सरकारने त्यापूर्वीच, २०२३ मध्ये, महात्मा फुले जनआरोग्य योजनेची मर्यादा पाच लाखांपर्यंत वाढविण्याचा निर्णय घेतला होता. दोन्ही बाजूंची स्पर्धा आकड्याची होती. दोन्हींच्या मनातील आजार रुग्णालयात दाखल होण्याच्या योग्यतेचा आहे. बाह्यरुग्ण विभागात येणारा अम्लपित्ताचा, पांडूचा, संधिवाताचा रोगी यात कोठेही नाही, आणि म्हणून आपणही नाही.

विरोधी बाकांवरून दिलेले आरोग्याचे आश्वासन प्रत्यक्षात उतरू शकते काय, आणि उतरताना देशी वैद्यकाला त्यात जागा मिळू शकते काय, हे पाहावयाचे असेल तर थायलंडचे उदाहरण आपल्या संघटनेने अभ्यासण्याजोगे आहे. तो देश फार श्रीमंत नव्हता. १९९७ च्या आर्थिक संकटात त्याचे चलन कोसळले होते. त्याच्या पारंपरिक वैद्यकाचे आपल्या शास्त्राशी जुने नाते आहे; चार महाभूते आणि धातूंची भाषा तेथेही चालते.

थाकसिन शिनावात्रा हे मुळात पोलीस अधिकारी, नंतर दूरसंचार उद्योगातील धनाढ्य. १९९८ मध्ये त्यांनी 'थाई राक थाई' हा पक्ष स्थापन केला. सत्ता तेव्हा चुआन लीकपाई यांच्या डेमोक्रॅट पक्षाकडे होती. जनतेला काय द्यावे याच्या शोधात हा नवा पक्ष असताना डॉ. सांगुआन नित्तयारुंफाँग हे आपला आराखडा घेऊन त्यांच्यापाशी गेले. हे गृहस्थ राजकारणी नव्हते. सिसाकेत प्रांतातील रासी सालाई या मागासलेल्या भागातील रुग्णालयात त्यांनी उमेदवारीची वर्षे काढली होती, ग्रामीण डॉक्टरांच्या संघटनेचे काम केले होते आणि पुढे आरोग्य मंत्रालयात राहून अयुथया येथे प्राथमिक केंद्रांतून कुटुंबवैद्यासारखी सेवा देण्याचा प्रयोग चालविला होता. त्यांनी इतर राजकारण्यांनाही आपली योजना समजावून पाहिली होती. ती उचलून धरली ती मात्र सत्तेबाहेरच्या पक्षाने. त्या पक्षात डॉ. सुरपोंग सुएबवोंगली यांच्यासारखे वैद्यक शिकलेले नेते होते, याचाही उपयोग झाला.

घोषणा अवघ्या काही शब्दांची होती : तीस बाहतांत सर्व रोगांवर उपचार. त्या वेळच्या दराने हे तीस-बत्तीस रुपये होत. जानेवारी २००१ च्या निवडणुकीत पाचशेपैकी २४८ जागा मिळवून थाकसिन पंतप्रधान झाले. एप्रिलमध्ये सहा प्रांतांत योजना सुरू झाली आणि सुमारे एका वर्षात ती देशभर पोहोचली. नोव्हेंबर २००२ मध्ये राष्ट्रीय आरोग्य सुरक्षा कायदा संमत झाला. त्यापूर्वी देशातील सुमारे तीस टक्के लोकांना कोणतेही संरक्षण नव्हते. सरकारी नोकर आणि कारखान्यांतील कामगार यांच्या योजना पूर्वीपासून होत्या. राहिलेले सारे, म्हणजे शेतकरी, मजूर, फेरीवाले, या नव्या योजनेत आले. ही संख्या साधारण साडेचार कोटींहून अधिक भरते.

एवढ्या वेगाने हे कसे झाले, यात आपल्या कामाचा भाग आहे. घोषणा एका वर्षात अमलात आली. पूर्वतयारी मात्र तीस वर्षांची होती. १९७२ पासून नव्या डॉक्टरांना ग्रामीण सेवा सक्तीची झाली होती. १९८२ ते १९८६ या काळात शहरी रुग्णालयांचे विस्तार थांबवून तो पैसा तालुक्याच्या रुग्णालयांकडे वळविण्यात आला होता. १९९२ मध्ये स्थापन झालेल्या आरोग्य व्यवस्था संशोधन संस्थेत माणसामागे किती खर्च येतो, कोणत्या आजारावर किती लागतो, याचे हिशेब मांडले गेले होते. दुसरीकडे स्वयंसेवी संस्थांनी १९९७ च्या राज्यघटनेतील तरतुदीचा आधार घेऊन पन्नास हजारांहून अधिक मतदारांच्या सह्यांनी आरोग्य सुरक्षेच्या विधेयकाची मागणी केली होती. राजकारण्याला वाक्य हवे होते, आणि वाक्यामागचे गणित तयार होते. थाकसिन यांच्या कारकिर्दीतील इतर अनेक गोष्टी गंभीर टीकेस पात्र आहेत आणि त्यांचे समर्थन करण्याचा येथे हेतू नाही. परंतु तयार आराखडा ओळखून तो उचलण्याचे श्रेय त्यांना द्यावे लागते.

योजनेचा कणा म्हणजे पैसा देण्याची पद्धत. रुग्णालयाला प्रत्येक शस्त्रक्रियेमागे बिल न देता, त्याच्या परिसरात नोंदलेल्या माणसांच्या संख्येवर ठरावीक रक्कम आधीच दिली जाऊ लागली. आरंभी ती माणशी वर्षाला सुमारे १२०२ बाहत होती. यामुळे रोगी आजारी पडण्यात रुग्णालयाचा फायदा राहिला नाही. आपल्याकडील विमा योजनांशी ताडून पाहावे. आपल्याकडे शस्त्रक्रिया झाली तर पैसा, पथ्याने रोग टळला तर काहीही नाही. स्वस्थाच्या स्वास्थ्यरक्षणाला प्रथम स्थान देणाऱ्या शास्त्राच्या अभ्यासकांना यांतील कोणती पद्धत अनुकूल, हे सांगावयास नको.

दोषही सांगितले पाहिजेत. सरकारी रुग्णालयांत गर्दी लोटली, डॉक्टरांवर ताण आला, अनेकांनी खाजगी रुग्णालयांची वाट धरली. मोठ्या शहरांतील सरकारी रुग्णालयांना निधी अपुरा पडल्याच्या तक्रारी झाल्या, काही खाजगी रुग्णालये रक्कम परवडत नाही म्हणून योजनेबाहेर पडली. आपल्या वाचकांपैकी ज्यांची रुग्णालये आहेत त्यांना ही भीती नवी नाही. सरकारी योजनेचे देयक किती महिन्यांनी येते यावर आपल्याकडे पुष्कळ बोलले जाते. सप्टेंबर २००६ मध्ये लष्कराने थाकसिन यांना पदच्युत केले. नव्या राजवटीने तीस बाहतांचे शुल्कही काढून टाकले आणि उपचार पूर्णतः मोफत केले. २०१२ मध्ये ते शुल्क पुन्हा आले. पुढे २०१४ मध्ये आणखी एक सत्तांतर लष्कराने घडविले. योजना राहिली, कारण ती कायद्यात होती, तिचे स्वतंत्र कार्यालय होते, आणि लोक तिला आपला हक्क मानू लागले होते. त्या कार्यालयाचे पहिले महासचिव डॉ. सांगुआन जानेवारी २००८ मध्ये वारले. देशाच्या एकूण आरोग्यखर्चात लोकांनी खिशातून भरावयाचा वाटा २००० च्या सुमारास एक तृतीयांश होता, तो पुढे एक दशांशाच्या आसपास आला. भारताचा हाच वाटा राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्के होता. तोही २०१४-१५ च्या ६२.६ टक्क्यांवरून उतरलेला आहे, हे न्यायाने नमूद केले पाहिजे.

आता आपल्या विशेष जिव्हाळ्याचा भाग. थाई पारंपरिक वैद्यक या योजनेत आपोआप आले नाही. १९९९ मध्ये त्या देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत मोजक्या वनौषधींना प्रवेश मिळाला. त्यांत हळद होती, सुंठ होती आणि ज्यास आपण कालमेघ किंवा किराईत म्हणतो ते होते. पुढे यादी वाढत गेली आणि कांडवेलही तीत आली. अत्यावश्यक यादीत नाव आले म्हणजे रुग्णालयाला ते औषध विकत घेता येते आणि रोग्याला ते मोफत देता येते. २००२ मध्ये आरोग्य मंत्रालयात पारंपरिक वैद्यकाचा स्वतंत्र विभाग झाला. २००७ पासून आरोग्य सुरक्षा निधीतून पारंपरिक उपचारांसाठी वेगळी रक्कम ठेवली जाऊ लागली. तीतून मर्दन, औषधी पोटलीचा शेक, बाष्पस्वेद आणि प्रसूतीनंतरची परिचर्या यांचा खर्च भागतो. पिंडस्वेद आणि सूतिका परिचर्या ज्यांच्या नित्याच्या आहेत अशा आपल्या भगिनींना हे वाचून थोडा मत्सर वाटला तर तो क्षम्य आहे.

औषधे कोठून आली, हेही पाहावे. प्राचीनबुरी प्रांतातील आभाईभूबेझर या सरकारी रुग्णालयाने स्वतःच वनौषधींचे उत्पादन उभे केले, आसपासच्या शेतकऱ्यांकडून लागवड करून घेतली, आणि प्रत्येक घाणीची गुणवत्ता सारखी राहील अशी शिस्त लावली. ते नाव आज त्या देशात घरोघरी माहीत आहे. असे असले तरी एकूण औषधखर्चात वनौषधींचा वाटा तेथे अजूनही लहानच आहे, आणि मर्दनाला जेवढी मागणी येते तेवढी वैद्याच्या निदानाला येत नाही, अशी खंत आहे. शास्त्राचा देह आत घेतला आणि विचार दाराबाहेर ठेवला, असे होऊ शकते. आपण आतापासूनच सावध असलेले बरे.

महाराष्ट्रात चित्र उलटे आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रांत गट-ब वैद्यकीय अधिकारी म्हणून आणि अलीकडे उपकेंद्रांत समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून आपले बी.ए.एम.एस. पदवीधर मोठ्या संख्येने काम करीत आहेत. दुर्गम पाड्यावर पहिला भेटणारा डॉक्टर बहुधा आपलाच असतो. त्याच्या हातून दिल्या जाणाऱ्या गोळ्या मात्र बहुतांशी दुसऱ्या शास्त्राच्या असतात. वैद्य व्यवस्थेच्या आत आहे आणि त्याचे द्रव्य बाहेर. चतुष्पादांपैकी एक पाद असा लंगडा. १९४६ च्या भोर समितीने देशी वैद्यकाचा प्रश्न प्रांतांवर सोपवून बाजूला ठेवला होता, आणि तेव्हापासून आपण त्याच दाराशी निवेदने घेऊन उभे आहोत. विमा नियामक प्राधिकरणाने एप्रिल २०२४ पासून आयुष उपचारांना बरोबरीचे स्थान देण्यास कंपन्यांना सांगितले, हे चांगले झाले. पण खाजगी विमा घेणारा रोगी बहुधा आढ्यच असतो.

आपल्या संघटनांची रीत सर्वांना ठाऊक आहे. नवे मंत्री आले की पुष्पगुच्छ, शाल आणि मागण्यांचे निवेदन. त्या निवेदनात वेतनश्रेणी असते, समान दर्जा असतो, अधिकारांचा प्रश्न असतो. या मागण्या रास्त आहेत. परंतु त्यांत रोगी क्वचितच असतो, आणि हिशेब तर नसतोच. विरोधी पक्षाचा एखादा अभ्यासू आमदार उद्या आपल्यापाशी येऊन म्हणाला की, तालुक्याच्या दवाखान्यात आयुर्वेद द्यावयाचा आहे, कोणत्या पंधरा आजारांवर, कोणते कल्प, किती दिवस, आणि माणशी किती रुपयांत, तर आपण त्यास काय देणार? संहितेची थोरवी सांगून त्याचे काम भागणार नाही. सत्ताधाऱ्यांभोवती सल्लागारांची गर्दी असते. विरोधकांपाशी वेळ असतो आणि विषयांची टंचाई असते, म्हणून हिशेब घेऊन जावयाचे ते त्यांच्याकडेही जावे. पक्ष कोणताही असो, संघटनेने सर्वांना एकच कागद द्यावा.

फार्मसीचालकांना येथे वेगळे सांगणे आहे. औषध निर्मितीच्या उत्तम पद्धतींचे 'शेड्यूल टी' हे परिशिष्ट २००० मध्ये आले, तेव्हा पुष्कळांना ते संकट वाटले होते. सार्वजनिक खरेदीत तीच आपली पत आहे. एकाच नावाचा गुग्गुळ पाच फार्मसींचा पाच प्रकारचा निघत असेल, तर कोणताही खरेदी अधिकारी तो यादीत घेण्यास धजणार नाही, आणि धजू नये. मोठ्या निविदेत सर्वांत कमी दराचाच माल घेतला जाईल व छोटी, सचोटीने काम करणारी फार्मसी मागे पडेल, ही भीती खरी आहे. म्हणूनच दर कोसळविणाऱ्या निविदेऐवजी गुणवत्तेची कसोटी लावून ठरावीक दराने जिल्हानिहाय खरेदी व्हावी, असा आग्रह आताच धरला पाहिजे. यादी बाहेर पडल्यावर तो धरण्यात अर्थ नाही.

पुढील लोकसभा आणि विधानसभा निवडणुका २०२९ मध्ये अपेक्षित आहेत. जाहीरनामे त्याच्या वर्षभर आधी आकार घेऊ लागतात. आगामी वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर पंधरा आजार व तीस कल्पांच्या यादीचा विषय घ्यावा, अशी कार्यकारिणीस विनंती आहे. प्रत्येक जिल्हा शाखेने निदान दोनशे रोग्यांच्या नोंदी, चिकित्सेचा कालावधी आणि प्रत्यक्ष खर्च यांसह त्यापूर्वी पाठवाव्यात. ज्यांनी चिकित्सा अर्धवट सोडली त्यांच्या नोंदी गाळू नयेत. त्या वेगळ्या रकान्यात, सोडण्याच्या कारणासह, भराव्यात.